सुया टोचून चेहरा सुधारतो का? मायक्रोनीडलिंगबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात पिंपल्सच्या खड्ड्यांबद्दल लिहिताना मायक्रोनीडलिंगचा उल्लेख एका ओळीत केला होता, आणि त्या एका ओळीवरच इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर याच विषयाला दिलंय. बरेच प्रश्न सारखे होते म्हणून एकत्र केलेत. ज्यांनी फोटो पाठवलेत त्यांनी राग मानू नका, पण फोटोवरून मी ट्रीटमेंट सांगत नाही, खड्डा किती खोल आहे, खालून चिकटलाय का, हे चेहऱ्याला हात लावल्याशिवाय कळत नाही.

प्रश्न : मॅडम, माझं वय ३६ आहे. चेहरा निस्तेज दिसतो, डोळ्यांच्या कडेला बारीक सुरकुत्या यायला लागल्यात. सगळीकडे मायक्रोनीडलिंगचं नाव ऐकते, पण मला मुळातच हे पटत नाही की चांगल्या त्वचेला सुया टोचून जखमा करायच्या आणि त्यानेच ती सुधारेल. हे नक्की होतं कसं?

उत्तर : तुमची शंका रास्त आहे आणि खरं तर हा प्रश्न सगळ्यांनी आधी विचारायला हवा, मग खुर्चीत बसायला हवं. आपल्या चेहऱ्याच्या त्वचेचा वरचा थर, म्हणजे एपिडर्मिस, फार पातळ असतो, साधारण मिलिमीटरचा दहावा भाग किंवा त्याहून कमीच. त्याच्या खाली डर्मिस, आणि त्वचेला घट्टपणा देणारं कोलॅजन तिथे असतं. ते तयार करणाऱ्या पेशींना फायब्रोब्लास्ट म्हणतात, वय वाढतं तसं त्यांचं काम मंदावतं, उन्हाने तर असलेलं कोलॅजनही तुटत जातं, आणि तुम्ही कितीही महागाचं कोलॅजन क्रीम लावलंत तरी कोलॅजनचे रेणू एवढे मोठे असतात की ते वरच्या थरातून खाली जातच नाहीत.

मायक्रोनीडलिंगमध्ये अगदी बारीक सुयांनी डर्मिसपर्यंत शेकडो छोटी भोकं पाडतात, क्लिनिकमध्ये साधारण अर्ध्या ते अडीच मिलिमीटरपर्यंत, कुठल्या भागावर आणि कशासाठी करतोय त्याप्रमाणे. भोक पडलं की शरीर जखम झाली असं समजून कामाला लागतं. प्लेटलेट्स तिथे पोचतात, ग्रोथ फॅक्टर सोडतात, त्या इशाऱ्याने फायब्रोब्लास्ट जागे होतात आणि नवीन कोलॅजन घालायला लागतात. पण भोकं इतकी लहान आणि त्यांच्यामधली त्वचा इतकी शाबूत असते की वरचा थर साधारण एका दिवसात बंद होतो, व्रण राहत नाही. म्हणजे सुई फक्त सुरुवात करून देते, खरं काम त्यानंतर तुमची त्वचा करते. आणि ते सावकाश होतं. सुरुवातीला जे कोलॅजन तयार होतं ते टाइप थ्री, कच्चं असतं, पुढचे कित्येक महिने त्याच्या जागी मजबूत टाइप वन येत राहतं. म्हणून आज केलं आणि आठवड्याने आरशात बघितलं तर जो तजेला दिसतो तो बराचसा सुजेचा असतो, खरा फरक तिसऱ्या महिन्याच्या पुढे बघायचा. साधारण चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने तीन ते सहा सेशन्स लागतात.

ही कल्पना निघाली कुठून तेही सांगते, कारण मला ती गोष्ट फार आवडते. कॅनडातले प्लॅस्टिक सर्जन आंद्रे कामिरां यांनी ऑपरेशनचे पांढरे राहिलेले व्रण लपवायला टॅटू मशीनने त्वचेच्या रंगाची शाई भरली होती, काही काळाने शाई तर फिकी पडली पण व्रणच सुधारलेला दिसायला लागला, आणि मग त्यांनी बिनशाईचं टॅटू मशीन व्रणांवर वापरून बघितलं आणि १९९७ मध्ये त्यावर लिहिलं. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या डेस्मंड फर्नांडिस यांनी सुया लावलेला रोलर वापरात आणला. आज जे पेन, म्हणजे टोकाशी सुया आत-बाहेर करणारं छोटं मशीन, वापरतात ते त्याच घरातलं. तुमच्या बारीक सुरकुत्यांना आणि निस्तेजपणाला याचा उपयोग होऊ शकतो, पण आधी रोज सनस्क्रीन लावताय का ते सांगा. ते नसेल तर एकीकडे नवीन कोलॅजन घालायचं आणि दुसरीकडे ऊन ते मोडत राहणार, मग पैसे कशाला घालवायचे.

प्रश्न : मी २० वर्षांचा आहे. गालांवर पिंपल्सचे खूप खड्डे आहेत, कॉलेजमध्ये कोणाशी बोलताना मी तोंड बाजूला करतो. हनुवटीवर अजूनही नवीन पिंपल्स येतात. डॉक्टरांनी मध्यंतरी आयसोट्रेटिनॉइनची गोळी दिली होती, ती दोन महिन्यांपूर्वी संपली. मायक्रोनीडलिंग लगेच करून घेऊ का?

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं. आधी हे ऐक, पिंपल्सच्या खड्ड्यांसाठी मायक्रोनीडलिंग हा चांगला उपाय आहे, याच कामासाठी त्याचा सगळ्यात जास्त अभ्यास झालाय, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथे औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१८ मध्ये पहिल्यांदा एका मायक्रोनीडलिंग पेनला परवानगी दिली तीसुद्धा चेहऱ्यावरच्या पिंपल्सच्या व्रणांसाठीच होती, २२ वर्षं आणि त्यापुढच्यांसाठी. तेव्हा मार्ग आहे. पण लगेच नाही.

हनुवटीवर पू भरलेले, लाल, सुजलेले पिंपल्स आहेत तोवर त्यांच्यावरून सुया फिरवायच्या नाहीत, त्यातले जंतू आजूबाजूला पसरतात आणि सूज खोल जाते, म्हणजे एक खड्डा भरायला गेलो आणि दोन नवीन करून आलो. आधी पिंपल्स आटोक्यात यायला हवेत, काही महिने नवीन आले नाहीत की मग व्रणांचं बघायचं. गोळीबद्दल म्हणशील तर ती बंद केल्यावर सहा महिने थांबायचं असा जुना नियम होता, २०१७ मध्ये अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी तोवरचे अभ्यास तपासले आणि वरवरच्या पीलसाठी (म्हणजे ॲसिड लावून वरची त्वचा सोलण्यासाठी), काही प्रकारच्या लेझरसाठी एवढं थांबायला पुरेसा आधार नाही असं सांगितलं, त्यामुळे आता पूर्वीइतकं कडक कोणी धरत नाही, पण तुझा चेहरा बघून हे तुझ्या डॉक्टरांनीच ठरवायचं. त्यांना गोळीचा डोस आणि शेवटची तारीख दोन्ही सांग, लपवू नकोस.

आता खड्डे. सगळे खड्डे एकसारखे नसतात आणि इथेच लोकांची निराशा होते. आरशासमोर उभा राहा, दिवा चेहऱ्याच्या बाजूने येऊ दे, समोरून नको, आणि गालाची त्वचा दोन बोटांनी हलकी ताण. ताणल्यावर जे खड्डे जवळजवळ नाहीसे होतात, उथळ आणि लाटेसारखे दिसतात, ते रोलिंग स्कार, त्यांना सुयांचा चांगला फायदा होतो. ज्यांच्या कडा उभ्या कापल्यासारख्या आहेत ते बॉक्सकार, ते उथळ असतील तर सुधारतात. आणि जे सुईने भोसकल्यासारखे बारीक आणि खोल आहेत, दोन मिलिमीटरपेक्षा अरुंद तोंडाचे, ते आइसपिक, त्यांच्यावर नुसत्या मायक्रोनीडलिंगने फारसं काही होत नाही, त्यांच्या तळाशी टीसीए नावाचं ॲसिड थेंबभर टोचून लावतात किंवा तो भाग पंचने, म्हणजे बारीक गोल पात्याने, काढून टाकतात. खालून दोऱ्यांनी ओढून धरलेले खड्डे असतील तर आधी सबसिजन करावं लागतं, म्हणजे सुई आडवी घालून ते दोरे सोडवायचे. बहुतेक चेहऱ्यांवर हे सगळे प्रकार मिसळलेले असतात, त्यामुळे कोणी तुझा चेहरा नीट न बघताच सहा सेशनचं पॅकेज सांगत असेल तर तिथून उठ. आणि खड्डे सपाट होतील असं नको धरूस, उथळ होतात, सावली कमी पडते, त्यानेही चेहरा खूप वेगळा दिसतो. कॉलेजमध्ये तोंड बाजूला करायचं मात्र आजच थांबव, त्यासाठी ट्रीटमेंटची वाट बघायची गरज नाही.

प्रश्न : ऑनलाइन डर्मारोलर मागवलाय, दीड मिलिमीटरचा. व्हिडिओ बघून घरीच करणार आहे, आधी व्हिटॅमिन सी सीरम लावून मग रोलर फिरवायचा असं त्यात सांगितलंय. रोलर स्पिरिटमध्ये बुडवला की पुरेसं आहे ना? बहीण पण वापरेल म्हणतेय.

उत्तर : नको. ताई, कळकळीने सांगते, तो रोलर वापरू नका, आणि बहिणीला तर अजिबात देऊ नका.

एकेक करून सांगते. दीड मिलिमीटर म्हणजे सरळ डर्मिसमध्ये, रक्त येणार. रक्त लागलेली वस्तू दोघींनी वापरायची म्हणजे हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीला वाट करून देणं, मग ती सख्खी बहीण का असेना. स्पिरिटमध्ये बुडवून वरवरचे काही जंतू मरतात, पण नेहमीच्या रोलरवर १९२ सुया असतात, त्यांच्या बुडाशी त्वचेचे कण आणि सुकलेलं रक्त अडकून बसतं, तिथपर्यंत स्पिरिट नीट पोचत नाही आणि प्लॅस्टिकचा असल्यामुळे तो तापवूनही निर्जंतुक करता येत नाही.

दुसरं म्हणजे रोलर फिरताना सुई तिरकी आत जाते आणि तिरकी बाहेर येते, कुदळीने माती उचकटावी तशी वरची त्वचा उचकटते, वरून दाब जास्त पडला तर विचारूच नका. पेनमध्ये सुई सरळ आत आणि सरळ बाहेर. वापरलेला रोलर भिंगाखाली धरून बघा, काही सुयांची टोकं गळासारखी वाकलेली दिसतात, अशी सुई भोक पाडत नाही, ओरखडा काढते. कपाळ, गालाचं हाड, जबड्याची कड, जिथे त्वचेखाली लगेच हाड आहे तिथे जोर लावून रोलर फिरवल्याने रेल्वेच्या रुळांसारख्या समांतर रेषांचे व्रण उठल्याच्या केसेस डॉक्टरांनी नोंदवल्यात. खड्डे घालवायला गेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर नवीन रेषा, आणि त्या काढणं खड्ड्यांपेक्षा अवघड.

तिसरं, आणि हे सगळ्यात कमी लोकांना माहीत आहे, ते सीरम. सीरम त्वचेच्या वर लावायला बनवलेलं असतं, त्यात सुगंध असतात, प्रिझर्व्हेटिव्ह असतात, ॲसिड असतं, वरचा थर शाबूत असतो म्हणून ते चालून जातं. तुम्ही भोकं पाडून तेच थेट डर्मिसमध्ये ढकललंत तर शरीर त्याला परकी वस्तू समजून त्याच्याभोवती गाठी करतं. २०१४ मध्ये याबद्दलच्या केसेस छापून आल्या होत्या, मायक्रोनीडलिंगच्या वेळी सीरम लावलेल्या बायकांच्या चेहऱ्यावर लाल कडक गाठी आल्या, ग्रॅन्युलोमा म्हणतात त्याला, आणि त्या सहजासहजी जात नाहीत. व्हिडिओत हे कोणी सांगत नाही.

मग बाजारात ०.२ किंवा ०.३ मिलिमीटरचे रोलर मिळतात त्यांचं काय, असं बऱ्याच जणींनी विचारलंय. ते डर्मिसमध्ये पुरेसे खोल जातच नाहीत, वर लावलेलं थोडं जास्त शोषलं जातं इतकंच, खड्डे किंवा सुरकुत्यांवर त्याचा उपयोग होईल असं धरू नका. म्हणजे उपयोग थोडा आणि जंतूंचा धोका आहेच. मी माझ्या पेशंटना घरच्या रोलरपेक्षा रात्री रेटिनॉइड (व्हिटॅमिन ए च्या जातीचं) क्रीम आणि दिवसा सनस्क्रीन यावर पैसे घालायला सांगते.

प्रश्न : खूप दुखतं का? मला इंजेक्शनचीही भीती वाटते.

उत्तर : बधिर करणारं क्रीम नीट लावलं तर सहन होतं. लिडोकेनचं जाड थराचं क्रीम लावून पाऊण ते एक तास ठेवतात, मग ते पूर्ण पुसून, चेहरा अँटिसेप्टिकने साफ करतात. (क्रीम तसंच ठेवून त्यावर सुया चालवायच्या नसतात, औषध एकदम आत जातं.) गालांवर फक्त थरथर जाणवते, कपाळावर आणि वरच्या ओठावर टोचल्यासारखं होतं, नाकाजवळ डोळ्यांत पाणी येतं. डॉक्टर एका हाताने त्वचा ताणून धरतात आणि दुसऱ्या हाताने पेन छोट्या छोट्या चौकोनात उभं, आडवं, तिरकं फिरवतात. रक्ताचे अगदी टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसायला लागले की त्या जागी थांबायचं, जास्त रक्त म्हणजे जास्त फायदा असं अजिबात नाही. शेवटी सलाइनच्या थंड पट्ट्या. अख्खा चेहरा अर्ध्या तासाच्या आत होतो. त्या दिवशी चेहरा लालबुंद आणि गरम वाटतो, दोन-तीन दिवसांत लाली उतरते, मग थोडी कोरडी सालं निघतात. भीती वाटते हे डॉक्टरांना आधीच सांगा, मध्ये थांबून थांबून करता येतं.

प्रश्न : माझा रंग सावळा आहे, पिंपल गेला तरी महिनोन्‌महिने काळा डाग राहतो. लेझरने चेहरा काळा पडतो असं ऐकलंय. सुयांनी पण तसंच होईल का? शिवाय गालांवर थोडे वांगही आहेत.

उत्तर : सावळ्या आणि गव्हाळ त्वचेत मेलॅनिन बनवणाऱ्या पेशी फार लवकर चिडतात, त्वचेला उष्णता लागली, घासलं, सूज आली की त्या जादा रंग ओतून ठेवतात, तुमचे डाग म्हणजे तेच. बरेचसे लेझर उष्णतेवर चालतात म्हणून तिथे ही भीती जास्त. साध्या मायक्रोनीडलिंगमध्ये उष्णता नाही आणि वरचा थर जागच्या जागी राहतो, त्यामुळे आपल्यासारख्या रंगाला ते लेझरच्या मानाने सुरक्षित समजतात आणि माझाही अनुभव तोच आहे. डाग पडतच नाहीत असं मात्र नाही. खूप खोल केलं, फार लवकर लवकर केलं, किंवा करून दुसऱ्या दिवशी उन्हात हिंडलं तर पडतात. म्हणून सावळ्या त्वचेला पहिलं सेशन हलकं करायचं, शक्यतो जबड्याजवळ छोटा भाग आधी करून काही आठवडे बघायचं, आणि पेशंटने सनस्क्रीन आधीचे काही आठवडे न चुकता लावलेलं असायला हवं.

वांगाचं वेगळं आहे. काही डॉक्टर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड या डाग कमी करायच्या औषधाबरोबर मायक्रोनीडलिंग करतात, काहींना फायदा होतो, पण वांग हा चिवट आजार आहे, ऊन, हार्मोन्स, उष्णता सगळ्यांनी परत येतो आणि चुकीच्या हातात सुयांनी वाढतोसुद्धा. आधी क्रीम आणि सनस्क्रीनने तो शांत करा, सुया नंतरच्या.

आणि एक, ज्यांना कोड किंवा सोरायसिस आहे त्यांनी इथे नीट लक्ष द्या. या आजारांत जिथे जखम होते तिथे नवीन चट्टा उठू शकतो, त्यामुळे आजार चालू असताना मायक्रोनीडलिंग नको. कान टोचल्यावर किंवा लस घेतल्यावर ज्यांच्या त्वचेवर फुगीर गाठ वाढली, म्हणजे केलॉइड झालाय, त्यांनीही नको.

प्रश्न : आमच्या पार्लरमधली ताई म्हणते साधं मायक्रोनीडलिंग जुनं झालं, आता आरएफवालं करा, नाहीतर स्वतःचं रक्त काढून व्हॅम्पायर फेशियल करा, तिने त्याचा कोर्स केलाय. काय करू?

उत्तर : पार्लरमध्ये यातलं काहीच करू नका. पार्लरवाल्या ताईंबद्दल मला आदर आहे, पण त्वचेतून रक्त काढणारी आणि उष्णता आत सोडणारी गोष्ट ही वैद्यकीय प्रोसिजर आहे, कोर्सच्या सर्टिफिकेटने ती फेशियल होत नाही.

आरएफ म्हणजे रेडिओफ्रिक्वेन्सी. त्यात सुया आत जातात आणि त्यांच्या टोकातून उष्णता सोडतात. थोडा सैलपणा आणि खोल खड्डे यांच्यासाठी त्याचा उपयोग आहे, योग्य हातात मीही सुचवते. पण ती उष्णता चुकीच्या खोलीवर गेली तर भाजतं, व्रण पडतात, त्वचेखालची चरबी वितळून गाल खपाटीला जातो, नसांना इजा होते. अमेरिकेच्या एफडीएने ऑक्टोबर २०२५ मध्ये याच त्रासांबद्दल लोकांना आणि डॉक्टरांना सावध केलं, आणि ही ब्युटी ट्रीटमेंट नसून वैद्यकीय प्रोसिजर आहे, घरी वापरायची नाही, हेही सांगितलं. त्यामुळे जुनं आणि नवीन असा हा प्रश्नच नाही, तुमच्या त्वचेला कशाची गरज आहे ते बघायचं.

व्हॅम्पायर फेशियल म्हणजे तुमचंच रक्त काढून, फिरवून, त्यातला प्लेटलेट्सचा भाग वेगळा करायचा आणि मायक्रोनीडलिंग करताना चेहऱ्यावर सोडायचा, पीआरपी. काही अभ्यासांत साध्या मायक्रोनीडलिंगपेक्षा थोडा जास्त फायदा दिसलाय. पण अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या एका विनापरवाना स्पामध्ये ही ट्रीटमेंट घेतलेल्या काही बायकांना एचआयव्ही झाला. २०१८ मध्ये तो स्पा बंद झाला आणि २०२४ मध्ये तिथल्या सीडीसीने, म्हणजे रोगनियंत्रण करणाऱ्या सरकारी संस्थेने, तपासाचा अहवाल छापला. तपासात काय सापडलं तर नाव न लावलेल्या रक्ताच्या नळ्या, त्या खाण्यापिण्याच्या वस्तूंबरोबर फ्रिजमध्ये ठेवलेल्या, आणि ड्रॉवरमध्ये वेष्टन काढलेल्या सिरिंज. त्या बायका तजेला यावा म्हणून गेल्या होत्या. मला ही गोष्ट वाचून अजून चैन पडत नाही.

तेव्हा कुठेही गेलात तरी सुयांचं कार्ट्रिज सीलबंद पाकिटातून तुमच्या डोळ्यांसमोर उघडायला सांगा आणि काम झाल्यावर ते टाकून दिलेलं बघा. पीआरपी असेल तर नळीवर तुमचं नाव तुमच्यासमोर लिहायला लावा. हे विचारायला लाजू नका, चांगला डॉक्टर याने दुखावत नाही, उलट त्याला बरं वाटतं.

प्रश्न : मी पाच महिन्यांची गरोदर आहे, चालेल का?

उत्तर : आत्ता नको. गरोदरपणात याचा नीट अभ्यास झालेला नाही, वांग आणि डाग या काळात आपसूकच जास्त येतात, आणि बाळंतपणानंतर काही फिकेही होतात. सनस्क्रीन आणि साधं मॉइश्चरायझर चालू ठेवा, बाकी नंतर.

प्रश्न : मी पुरुष आहे, वय ३१, टाळूवरचे केस विरळ होतायत. मिनॉक्सिडिल हे केसांचं औषध लावतो. डोक्यावर पण मायक्रोनीडलिंग करतात म्हणे, उपयोग आहे का?

उत्तर : आहे, आणि दादा, हा प्रश्न चेहऱ्याच्या सदरात आला तरी मला बरं वाटलं, कारण पुरुष विचारतच नाहीत. २०१३ मध्ये १०० पुरुषांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, निम्म्यांना फक्त पाच टक्के मिनॉक्सिडिल, निम्म्यांना त्याबरोबर आठवड्यातून एकदा दीड मिलिमीटरचं मायक्रोनीडलिंग. १२ आठवड्यांनी ठरावीक जागेत मोजलेल्या केसांची सरासरी वाढ फक्त मिनॉक्सिडिलवाल्यांत २२ च्या आसपास आणि सुया घेतलेल्यांत ९१ च्या आसपास निघाली. अभ्यास छोटा आहे आणि १२ आठवडे म्हणजे केसांच्या हिशोबात फार नाहीत, पण फरक दुर्लक्ष करण्यासारखा नाही. लक्षात ठेवायचं ते हे की सुया मिनॉक्सिडिलच्या जोडीला आहेत, त्याच्या जागी नाहीत. आणि ज्या दिवशी सुया टोचल्या त्या दिवशी मिनॉक्सिडिल लावायचं नाही, उघड्या भोकांतून ते जास्त आत जातं, आग होते, छातीत धडधडू शकतं. पूर्ण टक्कल पडलेल्या जागी, जिथे मूळच उरलं नाही, तिथे फार अपेक्षा नको.

प्रश्न : वय ५४. तीन सेशन्स झाली, शेवटचं महिन्यापूर्वी. जबड्याखालची सैल त्वचा होती तशीच आहे. फसवलं का मला?

उत्तर : मला वाटतं तुम्हाला सुरुवातीला नीट सांगितलं गेलं नाही, आणि ते व्हायला नको होतं. मायक्रोनीडलिंगने त्वचेचा पोत सुधारतो, बारीक रेषा, उथळ खड्डे, खडबडीतपणा. जबड्याखालचा सैलपणा फक्त त्वचेचा नसतो, वयाबरोबर हाड झिजतं, चरबी खाली सरकते, स्नायू ढिले होतात, सुया तिथवर पोचत नाहीत. तिथे दुसरे उपाय आहेत, काही मशीनचे, काही सर्जरीचे, आणि काहीच न करणं हाही धरायचा पर्याय आहे. तुम्ही एवढं करा, आधीचे फोटो काढले असतील तर मागून घ्या आणि शेवटच्या सेशननंतर तीन महिन्यांनी त्याच खोलीत, त्याच दिव्यात, मेकअपशिवाय तसेच फोटो काढून घ्या. सैलपणा तसाच दिसेल, पण गालाचा पोत कदाचित बदललेला असेल. तोही नसेल तर चौथं सेशन घेऊ नका, कोणी कितीही सूट देवो.

प्रश्न : कालच झालंय. चेहरा लाल आहे आणि खेचल्यासारखा वाटतोय. काय लावू, काय नको? बहिणीचं लग्न पाच दिवसांवर आहे, मेकअप करता येईल ना?

उत्तर : पाच दिवसांनी मेकअप करायला सहसा हरकत नसते, पण खरं तर एवढं जवळचं कार्य असताना डॉक्टरांनी तारीख पुढे ढकलायला हवी होती, तुम्ही सांगितलं होतं का त्यांना? पुढच्या वेळी कुठल्याही मोठ्या कार्यक्रमाच्या किमान दोन आठवडे आधी करा.

आजपासून तीन-चार दिवस कोमट पाण्याने आणि सौम्य फेसवॉशने चेहरा धुवा, घासू नका, स्वच्छ टॉवेलने टिपा. बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर दिवसातून चार-पाच वेळा लावलंत तरी चालेल, खेचणं कमी होईल. व्हिटॅमिन सी, रेटिनॉल, ग्लायकोलिक, सॅलिसिलिक, स्क्रब हे सगळं आठवडाभर कपाटात. घाम येईल असा व्यायाम, स्विमिंग, वाफ दोन-तीन दिवस नको. उशीचा अभ्रा आज रात्रीच बदला आणि मोबाइल गालाला टेकवून बोलू नका. सनस्क्रीन उद्यापासून, झिंक ऑक्साइडवालं असेल तर उत्तम, आणि बाहेर जावं लागलं तर टोपी किंवा छत्री घ्याच. मेकअपचे ब्रश धुवून वाळवून ठेवा, जुना स्पंज टाकून द्या आणि मेकअप करणारीला तिचा स्पंज तुमच्या चेहऱ्याला लावू देऊ नका.

लाली रोज थोडी कमी व्हायला हवी. ती वाढत गेली, पिवळे पू भरलेले फोड आले, एका बाजूला सूज आणि ठणका लागला किंवा ताप आला, तर डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा. ओठाच्या कडेला किंवा गालावर बारीक पाण्याच्या फोडांचा पुंजका उठला आणि जळजळ होत असेल तर तो हर्पिस असू शकतो, त्यावरच्या गोळ्या जितक्या लवकर सुरू होतील तितक्या चांगल्या, सकाळपर्यंत वाट बघू नका. ज्यांना पूर्वी असे फोड येऊन गेलेत त्यांनी ट्रीटमेंटच्या आधीच सांगायचं असतं, गोळ्या आधीपासून सुरू करता येतात. कडक गाठी महिन्याभराने आल्या तरी दाखवा, आणि जाताना त्या दिवशी चेहऱ्यावर काय काय लावलं होतं त्याच्या बाटल्या बरोबर न्या.